उपाशीपोटी आलेल्या पोरी

स्टुलावर बसलेली माझी नात एकाएकी एका अंगाला कलली आणि कोणी धरायच्या आत खाली पडली. डोळे पांढरे झाले, ओठ राखेसारखे झाले, एक हात झटकला आणि मग ती हललीच नाही.

दारातल्या बायांत कोणीतरी किंचाळलं, "मेली वं माय! सुई देल्याबराबर पोट्टी मेली!"

अंगणवाडीची खोली ती केवढी. मागच्या बाया पुढे आल्या, रांगेतल्या पोरी बाहेर पळाल्या, दारातच सगळ्यांची धडक झाली. माझा जावई, म्हणजे या पोरीचा बाप, ओट्यावर उभा होता. तो बायांना ढकलत आत आला. त्याने पोरीकडे पाहिलं आणि टेबलावरचा निळा डबा उचलला. लशीच्या बाटल्या बर्फात ठेवतात तो डबा. तो त्याने दोन्ही हातांनी डोक्यावर धरला.

"हिची माय खाल्ली दवाखान्यानं," तो ओरडला. "आता हेबी पाह्यजे काय तुमाले?"

नर्सबाई तोवर खाली बसली होती. तिने पोरीला उताणी केली, मानेखालची वेणी बाजूला घेतली, बोटं मनगटावर ठेवली. तिने वर पाहिलंसुद्धा नाही.

"आजी, तुम्ही या इकडं. हिचे पाय धरा. वर घ्या. अजून वर, तुमच्या मांडीवर ठेवा."

मी बसले आणि पाय मांडीवर घेतले. तळवे थंडगार होते. मी प्रेतांचे पाय धरलेले आहेत, त्यामुळे थंड पाय हाताला लागले की माझ्या मनात काय येतं ते सांगायची गरज नाही.

"दादा," नर्सबाई तशीच खाली मान घालून म्हणाली, "तो डबा खाली ठेवा. त्यात गावातल्या पोरींची लस आहे. फेकायची असेल तर माझी पिशवी फेका, तिच्यात नुसता डबाच आहे जेवणाचा."

"माही पोरगी मारली तुमी!"

"तुमच्या पोरीला मी अजून सुई दिलीच नाही."

खोलीतला कालवा एकदम बसला. नर्सबाईने पोरीची बाही वर सरकवली आणि दंड सगळ्यांना दिसेल असा धरला. स्पिरिटने पुसलेली जागा ओली होती. टोचल्याची खूण नव्हती. मग दुसरा दंड दाखवला. ताटलीत सुई कागदातच होती आणि बाटलीचं झाकणही निघालेलं नव्हतं.

"दंड पुसला, तेवढ्यात पडली," ती म्हणाली. "आता दारातून हटा. हिला वारा लागू द्या. जिला ओरडायचं आहे तिनं बाहेर जाऊन ओरडा, मी थांबवत नाही."

जावयाने डबा खाली ठेवला, पण हळू ठेवला. एवढं भान त्याला होतं.

आमचं गाव पिंपळगाव राजाच्या अंगाला आहे. आम्ही वांगी, मेथी, कोथिंबीर लावतो आणि बाजाराला नेतो. माझी एकुलती लेक मी गावातच दिली होती, दोन गल्ल्या सोडून. ती गेल्याला तेव्हा महिना झाला होता. तिला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होता. हे मी असंच लिहिते, कारण आमच्याकडे कोणी असं बोलत नाही. 'पोटाचं दुखणं होतं' म्हणतात. माझ्या लेकीला पाळी सोडून रक्त जात होतं, कंबर मोडून येत होती, आणि ती हे कोणाला न सांगता वांग्याच्या वाफ्यात निंदत होती. बाईचा दात दुखला तर सारी गल्ली विचारायला येते. हे दुखणं बाई स्वतःच्या आईलाही सांगत नाही. मला कळलं तेव्हा तिला चालवत नव्हतं.

शेवटचे महिने ती मोठ्या शहरातल्या सरकारी दवाखान्यात होती. जावई तिच्याजवळ आणि ही पोरगी दोघांच्या मधे. आईच्या उशाशी बसायची, भांडी धुवायची, बापाला जेवू घालायची. त्याच दिवसांत शाळेत चौदा वर्षांच्या पोरींना या रोगाची लस दिली गेली. ज्या रोगाने आई मरत होती, त्याची लस शाळेत आली आणि ही आईजवळ असल्यामुळे चुकली. हे मला पहिल्यांदा गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईने सांगितलं तेव्हा मी तिला म्हटलं, पुन्हा सांग. तिने पुन्हा सांगितलं.

शाळेत चुकलेल्या गावात पुष्कळ होत्या. कोणी ऊसतोडीला आईबापाबरोबर गेली होती, कोणाची शाळाच सुटली होती, कोणाला त्या दिवशी ताप होता, आणि काहींना घरच्यांनी मुद्दाम घरी ठेवलं होतं. त्यांच्यासाठी आरोग्य केंद्राची गाडी गावात येणार होती. पण पंधरा पूर्ण झाले की ही लस मिळत नाही असं आशाताईने सांगितलं होतं, आणि माझ्या नातीला पंधरा पूर्ण व्हायला थोडेच दिवस राहिले होते. गाडी पुन्हा येईपर्यंत ती वयात बसली नसती. आमचं सगळं त्या एका सकाळवर आलं होतं.

पोरीने डोळे उघडले तेव्हा पहिल्यांदा तिने छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आजी, माहे पाय काऊन धरले?"

मी तिचे तळवे पदराने चोळायला लागले.

"नाव सांग तुझं," नर्सबाई म्हणाली. पोरीने सांगितलं. "गाव कोणतं?" तेही सांगितलं. "सकाळी काय खाल्लं?"

"काहीच नाई."

"काल रात्री?"

"थोडीशी भाकर."

"सकाळी चहा तरी?"

पोरीने बापाकडे पाहिलं आणि मान हलवली.

नर्सबाई उठून उभी राहिली. ती देऊळगाव राजाकडची. तिचं बोलणं आमच्यापेक्षा वेगळं आहे, आणि आवाज असा की तिला भोंग्याची गरज नाही. तिने दारातल्या पोरींना विचारलं, "तुमच्यातल्या किती जणी जेवून आल्यात?"

कोणी बोलेना.

"चहा-बिस्कीट खाऊन?"

शेवटी माझी शेजारीण पुढे झाली. तीही आपल्या पोरीला घेऊन आली होती आणि मघाशी 'मेली' म्हणून ओरडली ती हीच. "तुमीच तं सांगलं उपाशीपोटी या," ती म्हणाली. "आता आमालेच पुसता?"

"मी सांगितलं?"

"भोंग्यावर सांगलं. आख्ख्या गावानं आयकलं."

सगळ्या बाया एकाच वेळी वळल्या. ओट्याच्या कोपऱ्यात ग्रामपंचायतीचा शिपाई उभा होता. गावाला निरोप तोच देतो. त्याचा आवाज चांगला आहे आणि त्याला ते माहीत आहे. 'सर्व माता-भगिनींना कळविण्यात येते की' अशी सुरुवात करतो आणि वाक्य शेवटापर्यंत नेऊनच श्वास घेतो. मागे गावात साखर तपासायचं शिबिर झालं होतं. तेव्हा त्याला लिहून दिलं होतं, की सर्वांनी उपाशीपोटी उपस्थित राहावे. ते वाक्य त्याला फार आवडलं. त्यानंतर डोळ्यांचं शिबिर झालं तेव्हाही गाव उपाशीपोटी गेलं होतं. त्याच्या हिशोबाने दवाखान्याच्या निरोपाचा शेवट असाच असतो.

"अरे, तुले कोनं सांगतलं होतं बे उपाशीपोटी?" शेजारीण म्हणाली.

"दरवेळी तसंच राह्यते ना, काकू."

"दरवेळी! उद्या जनावराचा डाक्टर आला तं म्हशीबी उपाशी आनशीन!"

बाया हसल्या. तोही हसायला लागला होता, पण खाली पडलेल्या पोरीकडे त्याचं लक्ष गेलं आणि तो थांबला. तो माझ्याजवळ आला नाही, कोणाचे पायही धरले नाहीत. वळला आणि सरळ ग्रामपंचायतीकडे चालू लागला. थोड्या वेळाने भोंगा खरखरला. "सर्व माता-भगिनींना कळविण्यात येते की, सकाळी मी जे सांगितलं ते चुकीचं होतं. चूक माही आहे, सिस्टरबाईची नाई. अंगणवाडीत पोरी उपाशी आहेत. ज्याच्या घरी जे शिजलं असेल ते घेऊन यावं." यावेळी त्याने मधेच श्वास घेतला. एवढ्या माणसांत आपली चूक भोंग्यावरून सांगणारा दुसरा पुरुष मी आमच्या गावात पाहिलेला नाही, आणि माझं वय कमी नाही.

जावई मात्र भिंतीला टेकून खाली बसला होता.

लेक गेल्यापासून मी जावयाकडेच राहते, तेव्हा त्या सकाळी आमच्या घरी काय झालं ते इथे सांगायला हवं. पोरीने उठून चहा केला होता, बापाला दिला, मला दिला आणि स्वतःचा कप तोंडाला लावणार तोच बापाने तो तिच्या हातातून घेऊन मोरीत ओतला. "उपाशीपोटी सांगलं ना," तो म्हणाला. मी त्याला काही म्हटलं नाही, कारण तो असं का करतो ते मला माहीत होतं. दवाखान्यात माझ्या लेकीला एकदा भूल देऊन काही करायचं होतं. काही खाऊ-पिऊ नका असं सांगितलेलं होतं. तिच्या तोंडाला फार कोरड पडली म्हणून याने तिला दोन घोट चहा पाजला. तो चहा कळल्यावर त्या लोकांनी तिला परत खाटेवर पाठवलं आणि पुढची तारीख बऱ्याच दिवसांनी मिळाली. तो दिवस गेला नसता तर ती वाचली असती, असं याच्या मनाने धरलं आहे. मला तसं वाटत नाही. रोग फार पुढे गेला होता. पण त्याच्या डोक्यातून तो चहा जात नाही. म्हणून यावेळी त्याने पोरीचा चहा ओतला. यावेळी त्याला सगळं नियमाने करायचं होतं.

आणि आता समजलं, की नियमच खोटा होता आणि पोरगी त्यामुळेच पडली.

गावातून ताटल्या यायला लागल्या. भाकरी, बेसन, कोणाकडची फोडणीची पोळी, कोणाकडचे मुरमुरे आणि गूळ. आमच्या गावात एरवी कोण कोणाच्या घरचं खातं याचा विचार होतो. विहाराकडच्या घरातून आलेलं बेसन आणि पाटलाच्या वाड्याकडून आलेल्या भाकरी त्या दिवशी एकाच चटईवर होत्या आणि पोरी भुकेल्या होत्या. खाल्लं सगळ्यांनी. नर्सबाईने स्वतःचा डबाही उघडून मधे ठेवला.

जावई उठला. एका ताटलीत भाकर कुस्करली, वर बेसन घातलं, आणि पोरीच्या समोर बसून तिला घास भरवायला लागला. चौदा वर्षांची घोडी. इतर पोरी बघत होत्या, ती लाजून म्हणाली, "बाबा, मी खातो ना माह्या हातानं." आमच्याकडे पोरीही 'मी खातो' म्हणतात. तो भरवतच राहिला. तिने मग तोंड उघडलं.

ताटली रिकामी झाल्यावर तो नर्सबाईला म्हणाला, "बाई, आमी घरी जातो. सुईले हो म्हनून केलेली माही सही खोडून टाका."

"खोडते," ती म्हणाली. "तुमची पोरगी आहे. तुम्ही नाही म्हणालात तर मी देणार नाही." तिने लगेच पेन उचललं. समजावत बसली नाही. मला वाटलं होतं ती आता भाषण करेल, आणि तिने भाषण केलं असतं तर तो उठून गेला असता, हेही मला माहीत होतं. पेन कागदावर ठेवण्याआधी ती एवढंच म्हणाली, "मला एक सांगा. भीती लशीची आहे, की दवाखान्याची?"

बाहेर पोरी खात होत्या, त्यांचा गलका येत होता.

"हे सुई हिच्या मायले लहानपनी भेटली असती," तो म्हणाला, "तं वाचली असती काय ते?"

मी नर्सबाईच्या तोंडाकडे पाहिलं. तिला 'हो' म्हणता आलं असतं. त्या एका 'हो'वर तो तयार झाला असता.

"बहुतेक हा रोग झालाच नसता," ती म्हणाली. "बहुतेक. शंभर टक्के असं मी कोणाला सांगत नाही. लस घेतली तरी मोठेपणी तपासणी करावी लागते. पण बहुतेक झाला नसता."

"आन् त्या दिवशी मी तिले चहा पाजला नसता तं?"

तिला तो चहा कुठला ते माहीत नव्हतं. मी दोन वाक्यांत सांगितलं. तिने पेन खाली ठेवलं.

"दादा, मी तिथं नव्हते. तिचे कागद मी पाहिलेले नाहीत, म्हणून मी छातीठोक सांगणार नाही. पण इतका पुढं गेलेला रोग दोन घोट चहानं ठरत नसतो. तुम्ही तहानलेल्या बायकोला चहा दिला. एवढंच झालं."

मीही त्याला हेच महिनाभर सांगत होते. सासूचं बोलणं वेगळं आणि अंगावर पांढरा कोट असलेल्या बाईचं वेगळं. त्याने तोंड गमछ्यात घातलं. पुरुषमाणसाला रडताना बघत बसू नये म्हणून मी बाहेर गेले आणि भांडी गोळा करायला लागले.

गाडीचा ड्रायव्हर दोनदा येऊन गेला होता. त्यांना पुढच्या गावाला जायचं होतं. नर्सबाई त्याला म्हणाली, "तिथं फोन कर. म्हणावं पोरींना पोटभर जेवायला घाला, तोवर आम्ही येतो." आणि तिथल्या भोंग्यावर काय सांगितलं आहे तेही विचार, असं वर म्हणाली.

शेजारणीचं तरी अजून एक राहिलं होतं. ती हळूच नर्सबाईजवळ गेली. "हाव बाई, पन लोक म्हनतात या सुईनं पुढं लेकरंबाळं होत नाईत. खरं काय?"

"मावशी, तसं होत असतं तर साऱ्या तालुक्यातल्या सासवा एव्हाना माझं घर उन्हात बांधून गेल्या असत्या. लेकरं होतात. तुमच्या पोरीला नको असली तरी होतील, तेव्हा लग्न लवकर करू नका."

शेजारणीने पदर तोंडाला लावला आणि हसली. तिच्या पोरीचं लग्न ठरवायचं चाललं होतं, हे नर्सबाईला कोणी सांगितलं होतं कोण जाणे. बहुधा कोणी सांगितलं नसेल. सगळ्याच गावांत चाललेलं असतं.

मी आत आले तेव्हा जावई स्टुलाजवळ उभा होता. पोरगी बसली नव्हती.

"काय करू मामी?" त्याने मला विचारलं.

"मला काय विचारता बापू. तुमची पोरगी आहे आणि तिचं अंग आहे. तिला विचारा."

त्याने तिला विचारलं. आमच्या घरात कोणी पोरीला असं विचारल्याचं मला आठवत नाही. मला कोणी विचारलं नाही, माझ्या लेकीला मी विचारलं नाही.

पोरगी म्हणाली, "आईच्या खालचे कपडे मीच धुवत होतो, बाबा. मले मालूम आहे काय होते ते. मले घ्यायची आहे."

त्याने स्टूल पुसलं.

नर्सबाईने तिला स्टुलावर बसू दिलं नाही, चटईवर आडवी केली. "पुन्हा पडायचं असेल तर इथून खाली जागा नाही," ती म्हणाली. पोरगी हसली, आणि ती हसत असतानाच सुई आत गेली. बापाने तिचा दुसरा हात धरून ठेवला होता. इतका घट्ट, की नंतर ती म्हणाली, सुईपेक्षा हेच जास्त दुखलं.

मग नियमाप्रमाणे अर्धा तास तिला तिथेच बसवलं. त्या अर्ध्या तासात गावाचे डोळे तिच्यावर होते. कोणाला वाटत होतं आता पडेल, मग पडेल. ती भिंतीला टेकून गूळ-मुरमुरे खात बसली. बाहेर एकही पोरगी पुढे यायला तयार नव्हती, आणि कोणी त्यांना ओढतही नव्हतं. नर्सबाई खुर्चीवर बसून गावच्या वांग्यांना यंदा काय भाव आहे ते मला विचारत होती. घड्याळाकडे पाहत नव्हती. मी बऱ्याच हुशार बाया पाहिल्या, पण गप्प बसून वाट बघता येणारी ही एकच.

वेळ झाली तशी माझी नात उठली, चपला घातल्या, आणि ओट्यावर जाऊन पोरींना म्हणाली, "मुंगी चावल्यासारखं होते. मी तं भुकेनं पडली होती. या ना वं, कायले भेता?"

पहिली आली ती शेजारणीची पोरगी. आईने तिचा हात धरला होता, पण धरण्यात जोर नव्हता. मग ऊसतोडीवाल्यांच्या दोघी बहिणी-बहिणींसारख्या एकमेकींचे हात धरून आल्या. मग बाकीच्या. नर्सबाई प्रत्येकीला एकच विचारत होती, "काय खाल्लं?" आणि प्रत्येकीने सांगितल्याशिवाय बाटली उघडत नव्हती. एकीने खोटं सांगितलं, तिला परत चटईवर पाठवलं.

गाडी निघाली तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. नर्सबाईचा धुतलेला डबा द्यायचा राहिला म्हणून शिपाई गाडीमागे पळत गेला. ती जेवलीच नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

नातीचा दंड दोन दिवस दुखला, एक रात्र अंगात कसर आली, आणि तिसऱ्या दिवशी ती बापाबरोबर वांगी तोडायला गेली. आता ती दहावीत आहे. त्या सकाळी सुई घेतलेल्या सगळ्या पोरी गावात आहेत, एक हॉस्टेलला आहे. जावई सकाळी पोरीच्या आधी उठतो आणि चहा तोच करतो. मीही अजून त्यांच्याजवळ आहे.

माझी लेक त्या रोगातून वाचली नाही. तिची पोरगी जिवंत आहे.